फिलिप ग्लास ऐकायला सुरुवात कुठून करायची

आधी या अमेरिकन संगीतकाराच्या १९८२ च्या 'ग्लासवर्क्स' अल्बममधलं 'ओपनिंग' लावा, हेडफोन घालून, आणि फक्त पियानोचे दोन हात ऐका, डावा दोन मोजतोय तेवढ्यात उजवा तीन, म्हणजे आपली दीडपट लयच की! ते कानात बसलं की मग त्याचे एट्यूड्स, म्हणजे पियानोच्या सरावाच्या रचना, एकूण २० आहेत, पहिले १० तर त्याने स्वतःचाच हात सुधारावा म्हणून लिहिलेत, रोज एकच ऐका. तेच तेच वाजतंय असं वाटलं तरी बंद करू नका प्लीज, मात्रा नेमकी कुठे वाढते ते पकडा, ही लयीची वाट त्याला पॅरिसमध्ये रविशंकर आणि अल्लारखांसोबत काम करताना सापडली. 'सत्याग्रह' ऑपेरा शेवटी ठेवा, गीतेतलं संस्कृत आहे, हातात श्लोक घेऊन बसा.