क्यूआर कोड स्कॅन होत नाही? नेटला दोष देण्याआधी या चुका टाळा

गिऱ्हाईक मोबाइल पुढे-मागे करतंय, पाठीमागे रांग वाढतेय आणि कोड काही उघडत नाही. अशा वेळी 'नेट नाही वाटतं' असं म्हणून विषय संपवला जातो. पण कोड वाचायला इंटरनेट लागतच नाही. नेट लागतं ते पुढे, पैसे पाठवताना. म्हणून आधी एवढंच ठरवा: कोड वाचला जात नाहीये, की वाचल्यानंतर व्यवहार अडतोय?

त्यासाठी पैशाचं अॅप बंद करा आणि मोबाइलचा साधा कॅमेरा कोडवर धरा. लिंक किंवा 'पेमेंट' असं काही दिसलं तर कोड वाचला गेला. हेच दुसऱ्या मोबाइलवर करा. एकाच मोबाइलवर अडलं तर दोष त्या मोबाइलचा, दोन्हींवर अडलं तर जवळजवळ नक्की छापलेल्या कोडचा.

तीन चौकोन आणि पांढरी किनार

कोडच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन असतात, चौथ्या कोपऱ्यात नसतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत (आताची डेन्सो वेव्ह) मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी कोड तयार केला, तेव्हापासून हे चौकोन तसेच आहेत. कॅमेरा आधी तेच शोधतो. चौकोनावरून आडवी रेघ मारली तर काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं यांची रुंदी १:१:३:१:१ अशी येते, आणि त्यावरून कोड कुठे आहे आणि कसा फिरलाय हे कळतं.

मिसळीच्या हॉटेलात नेमका इथेच घोळ होतो. टेबलावर साध्या कागदाची स्टँडी, शेजारी कटाची वाटी. तेलकट थेंब कागदात मुरला की पांढरा भाग मळकट तांबूस होतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी होतो. तो डाग मधल्या ठिपक्यांवर पडला तर कोड बहुतेक वेळा तरून जातो, कारण त्यात दुरुस्तीची माहिती आधीच भरलेली असते. किती खराब भाग भरून निघेल हे कोड बनवताना निवडलेल्या पातळीवर ठरतं: एल पातळीला सुमारे ७ टक्के, एम १५, क्यू २५ आणि एच ३० टक्के. पण ही दुरुस्ती आतल्या माहितीची आहे. कोपऱ्यातला चौकोन गेला तर कोड सापडतच नाही, मग दुरुस्ती कशाची करणार?

नवी स्टँडी येईपर्यंतचा उपाय सोपा आहे. कोड कसाही फिरवला तरी वाचला जातो. त्यामुळे ज्या बाजूने शिंतोडे येतात तिकडे बिनचौकोनी कोपरा करून तो चिकटवा. कायमचा उपाय म्हणजे मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशन पुसायला बरं वाटतं, पण वरच्या ट्यूबलाइटचा पट्टा त्यात दिसतो आणि तेवढे ठिपके कॅमेऱ्याला दिसत नाहीत. चकचकीत स्टँडी आधीच घेऊन ठेवली असेल तर थोडी तिरकी करा.

दुसरी चूक किनारीची. कोडच्या चारी बाजूंना किमान चार ठिपक्यांइतकी मोकळी पांढरी जागा लागते. फ्लेक्स करताना तिथे फुलांची वेलबुट्टी, नाहीतर कोडला घासून 'येथे स्कॅन करा' अशी अक्षरं येतात. दिसायला छान, पण कोड कुठे संपला हेच कॅमेऱ्याला कळत नाही.

छापताना

आकार अंदाजाने ठरवू नका. जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या एक-दशांश रुंदी ठेवा. काउंटरपलीकडून अर्धा मीटर असेल तर ५ सेंटिमीटर, भिंतीवरच्या बोर्डाला ३ मीटरवरून स्कॅन करायचं तर ३० सेंटिमीटर.

मजकूर वाढला की ठिपके बारीक होतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ८० अक्षरांचा कोड एम पातळीला ३७ बाय ३७ ठिपक्यांत बसतो, तोच एच पातळीला ४९ बाय ४९ होतो. किनारीसकट साडेचार सेंटिमीटरच्या छपाईत पहिल्याचा ठिपका १ मिलिमीटरचा, दुसऱ्याचा जेमतेम ०.८ मिलिमीटरचा. तेव्हा एच पातळी चांगली म्हणून डोळे झाकून निवडू नका. मध्ये लोगो घालायचा असेल तरच ती घ्या, आणि लोगोही लहानच ठेवा. गुळाच्या बॉक्सवर किंवा चपलेच्या छोट्या टॅगवर एम पुरते.

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आलेला कोड मोठा करून छापू नका. कडा धुरकट होतात. पीडीएफ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा आणि डिझाइन करणाऱ्याला सांगा की कोड जागेत बसवण्यासाठी एका बाजूने ताणायचा नाही. रंगात हौस करायचीच तर ठिपके गडद आणि पार्श्वभूमी फिकी ठेवा. पिवळ्यावर केशरी चालत नाही. काळ्यावर पांढरा कोड काही अॅप वाचतात, काही नाही, आणि दुकानात कुठलं अॅप येईल हे आपल्या हातात नसतं. काचेला आतून लावलेला स्टिकर बाहेरून उलटा दिसत असेल तर तोही बऱ्याच मोबाइलवर अडतो.

कोल्हापूरचा पाऊस ध्यानात घ्या. साध्या इंकजेटची शाई ओल लागली की पसरते. गाडीवर, छत्रीखाली लावायचा असेल तर लेझर प्रिंट किंवा व्हिनाइल स्टिकर घ्या. गोल बरणीवर लावताना कोड लहान ठेवा, नाहीतर त्याच्या कडा वळणामागे जातात.

मोबाइलचं काय?

कॅमेऱ्याची काच पुसा. मग मोबाइल जवळ नेण्याऐवजी मागे घ्या. सात-आठ सेंटिमीटरवर बऱ्याच कॅमेऱ्यांचा फोकसच बसत नाही. वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरून दुप्पट झूम करा. रंकाळ्यावर अंधार पडल्यावर टॉर्च थेट समोरून न मारता दुसऱ्या मोबाइलचा उजेड बाजूने द्या. एकाच अॅपमध्ये स्क्रीन काळी दिसत असेल तर सेटिंगमध्ये त्या अॅपला कॅमेऱ्याची परवानगी आहे का पाहा.

कोड वाचला, पण पैसे जात नाहीत

कॅमेऱ्यात यूपीआय आयडी दिसत असेल तर तो आजही चालू आहे का तपासा. खातं बंद झालं किंवा आयडी बदलला तरी जुना छापील कोड तोच जुना आयडी सांगत राहतो. मेनूकार्डाच्या कोडमध्ये बहुतेक वेळा दुवा असतो. कोड फुकट बनवून देणाऱ्या काही साइटी आपल्याच छोट्या दुव्यावरून तुमच्या पानावर नेतात आणि मुदत संपली की तो दुवा बंद पडतो. छापण्याआधी कोडमध्ये तुमचा स्वतःचा पत्ता आहे ना, हे वाचून घ्या.

रोज सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या मोबाइलने कोड एकदा स्कॅन करा आणि समोर आलेलं नाव वाचा. नाव भलतंच असेल तर वर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवलाय का, हे नखाने कड उचलून पाहा.

नवा कोड एकदम शंभर छापू नका. एक प्रत काढा, ती जिथे लावायची तिथेच लावा आणि दुपारच्या उन्हात एकदा, रात्री दिव्याखाली एकदा, एक जुना आणि एक नवा मोबाइल घेऊन गिऱ्हाईक उभं राहतं तिथून स्कॅन करा. दोन्ही वेळा दोन्हींवर लगेच उघडला की मग बाकीच्या प्रती सांगा.