मिनीव्हॅनच्या मागच्या हीटरचे गंजलेले पाइप

अमेरिकेत मिशिगन, ओहायोकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात. जुन्या मिनीव्हॅनच्या पोटाखालून मागच्या हीटरकडे जाणारे लोखंडी पाइप त्याने सडतात आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ठिबकू लागतं. दरवेळी अख्खी लाइन बदलायची गरज नसते.

१. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंट बादलीत काढा.
२. जुना रबरी होज (नळी) पिळून ओढू नका, गंजका पाइपच तुटून हातात येतो (माझ्या आला). ब्लेडने होज उभा चिरा आणि सालीसारखा सोला.
३. चांगला धातू लागेल तिथे पाइप कटरने कापा. हॅकसॉचा (लोखंड कापायच्या करवतीचा) कीस आत पडतो.
४. पाइपचा बाहेरचा व्यास मोजून सडलेल्या तुकड्याच्या जागी बसवायला त्या मापाचा हीटर होज आणा. कापलेल्या टोकाला उंचवटा नसतो, होज निसटतो. फ्लेअरिंग टूलने (पाइपचं तोंड पसरवायच्या अवजाराने) हलकी कड काढून मगच क्लॅम्प आवळा. होज एक्झॉस्टपासून लांब बांधा.
५. कूलंट भरा, हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालवा, हवा निघेल तशी पातळी बघा.

मागे कोणी बसतच नसेल तर मागे जाणाऱ्या लाइनची दोन्ही टोकं पुढेच एका होजने जोडून मोकळे व्हा.

सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते जहाल विष आहे.