सांगलीतल्या फ्लॅटविक्रीचा अंदाज एक्सेलमध्ये कसा काढायचा

विश्रामबागेत फ्लॅट विकताय ना, मग आधी चार-पाच वर्षांची महिन्यावार विक्री एक्सेलमध्ये भरा. प्रत्येक महिन्याचा आकडा आजूबाजूच्या १२ महिन्यांच्या सरासरीने भागायचा, सगळ्या मार्चच्या गुणोत्तरांची सरासरी म्हणजे मार्चचा इंडेक्स, समजा १.२५ आला तर मार्चचे ३० फ्लॅट म्हणजे सीझनचा परिणाम काढून खरे २४च (३० ÷ १.२५). या सीझन काढलेल्या आकड्यांवर रिग्रेशन (आकड्यांचा कल दाखवणारं समीकरण) लावा, येईल त्या उत्तराला परत त्या महिन्याच्या इंडेक्सने गुणा.

पण गुढीपाडव्याकडे नीट बघा हं, २०२३ला तो २२ मार्चला होता, २०२४ला ९ एप्रिलला, म्हणून पाडव्याच्या महिन्याला १ आणि बाकीच्यांना ० असा वेगळा कॉलम रिग्रेशनमध्ये घ्याच, पितृपक्षालाही तसाच. २०२०च्या सप्टेंबरपासून २०२१च्या मार्चपर्यंत स्टॅम्प ड्युटी कमी होती, ते महिने इंडेक्स काढताना सोडा.