दुसऱ्याचा कोड घेण्याआधी लायसन्स कसे तपासावे

कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स, म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा, ठरत नाही. आधी प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ नावाची फाइल शोधा; वापराची परवानगी आणि अटी तिथे असतात. ती नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात. परवानगी मागा, नाहीतर कोड सोडून द्या. ‘फक्त बिगर-व्यावसायिक वापर’ अशी अट असेल, तर ओपन सोर्सची व्याख्या ठरवणाऱ्या ‘ओपन सोर्स इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या १० निकषांत तो कोड बसत नाही.

एमआयटी, जीपीएल, एजीपीएल आणि अपाचे ही लायसन्सची नावे आहेत. एमआयटी सोपे: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा. जीपीएलचा कोड मिसळून अ‍ॅप वाटलेत, तर पूर्ण सोर्स (मूळ कोड) त्याच अटींवर द्यावा लागतो. एजीपीएलचा कोड बदलून नुसता सर्व्हरवर चालवलात, तरी वापरणाऱ्यांना सोर्स द्यायलाच हवा. हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. आणखी एक अडचण: अपाचे २.० चा कोड जीपीएल ३ च्या कोडसोबत मिसळता येतो, ‘फक्त जीपीएल २’ च्या कोडसोबत नाही.