रेडमाइनमधील कामाचे जुने तास जिरामध्ये नेताना

रेडमाइन आणि जिरा ही प्रकल्पातली कामे व त्यांवर लागलेला वेळ नोंदवण्याची सॉफ्टवेअर आहेत. रेडमाइन सोडून जिराकडे वळताना कामांची यादी, जोडलेल्या फायली आणि शेरे बहुधा काळजीपूर्वक हलवले जातात. तासांची पाळी मात्र शेवटी येते आणि घाईत उरकली जाते. ग्राहकाला पाठवलेले बिल, पुढच्या कामाचा अंदाज आणि सहकाऱ्याने रात्री जागून केलेले काम, या सगळ्यांचा पुरावा याच नोंदींत असतो. त्यामुळे एखाद्या कामावर 'एकूण ४६ तास' असा एकच आकडा टाकून मोकळे होऊ नये. कोणी, कोणत्या तारखेला, किती वेळ आणि कशासाठी काम केले, हे प्रत्येक नोंदीसोबत पुढे गेले पाहिजे.

सुरुवात माणसांपासून करावी. जिराच्या एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमद्वारे थेट माहिती भरण्याच्या सोयीतून) तास चढवले, तर ज्याचे टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) वापरले त्याचेच नाव प्रत्येक नोंदीला लागते आणि सगळ्या चमूचे श्रम एका प्रशासकाच्या खात्यावर जमा होतात. म्हणून प्रशासकाला उपलब्ध असलेली सीएसव्ही आयात, म्हणजे रकान्यांच्या साध्या मजकूर फाइलमधून माहिती भरण्याची सोय, वापरावी. तिच्या वर्कलॉगच्या (कामाच्या वेळेच्या नोंदीच्या) रकान्यात शेरा, तारीख-वेळ, व्यक्ती आणि सेकंद अर्धविरामाने वेगळे करून देता येतात. शेऱ्याच्या मजकुरातले अर्धविराम आधी काढून टाकावेत. नोकरी सोडून गेलेल्यांचीही खाती उघडावीत आणि आयात झाल्यावर ती निष्क्रिय करावीत.

सर्वाधिक घोळ तारखेत होतो. रेडमाइन तासांसोबत फक्त तारीख ठेवते, जिराला मात्र वेळही लागते. तेथे भारतीय वेळेनुसार रात्रीचे ००:०० लिहिले, तर यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) ती आदल्या दिवशीची १८:३० ची वेळ ठरते; म्हणजे १ एप्रिलचे काम यूटीसीवर चालणाऱ्या अहवालात ३१ मार्चला, थेट मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. मी सर्व जुन्या नोंदींना भारतीय दुपारचे १२:०० देतो. यूटीसीत तेव्हा सकाळचे ०६:३० वाजलेले असतात आणि तारीख बदलत नाही.

एककाकडेही लक्ष हवे. १.५ तासांचे ५,४०० सेकंद सरळ होतात. पण १ तास २० मिनिटे रेडमाइनमधून काढलेल्या फाइलमध्ये १.३३ अशी उतरली, तर ४,८०० ऐवजी ४,७८८ सेकंद मिळतात. हजारो नोंदींत ही तूट साचत जाते, म्हणून तास थेट डेटाबेसमधून घ्यावेत. रेडमाइनमधील 'ॲक्टिव्हिटी'साठी, म्हणजे कामाच्या प्रकारासाठी, जिराच्या वर्कलॉगमध्ये वेगळी जागा नसते, तेव्हा 'चाचणी', 'रचना' असे शब्द शेऱ्याच्या आरंभी लिहावेत आणि त्यापुढे रेडमाइनचा मूळ नोंद क्रमांक द्यावा. आयात मध्येच तुटून पुन्हा चालवावी लागली, तर दुबार नोंदी त्या क्रमांकावरून सापडतात.

आधी एका लहान प्रकल्पावर हे सारे करून पाहावे. मग रेडमाइनमध्ये नवे तास भरणे बंद करून संपूर्ण आयात करावी आणि व्यक्तीगणिक, महिन्यागणिक दोन्हीकडच्या बेरजा समोरासमोर ठेवाव्यात. केवळ प्रकल्पाची एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नये, कारण एकाचे तास दुसऱ्याच्या नावावर गेले तरी ती जुळतेच.