अंगावरचं पित्त, नाकाची अ‍ॅलर्जी आणि रोजची गोळी

अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे आधी आमसुलाचं पाणी चोळतात, मग अ‍ॅसिडिटीचं औषध घेतात. आमसुलाने गार वाटतं, एवढंच. या गांधी पोटातल्या पित्ताच्या नाहीतच. त्वचेतल्या मास्ट पेशींतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, त्याने त्या येतात; शिंका आणि नाकाची खाजही बरीचशी त्याचीच. उलट हिस्टामिन अडवणारी फेक्सोफेनाडिनची गोळी चालू असताना अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड सोबत घेतलं, तर गोळी नीट शोषली जात नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, फळांच्या रसाबरोबर नको. तशीच दुसरी गोळी, बिलास्टिन, तर जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी.

सहा आठवड्यांहून जास्त चाललेल्या पित्तात गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, गांधी उठायची वाट बघायची नाही. हिस्टामिन चिकटण्याआधी गोळीने पेशींवरची त्याची जागा अडवलेली असली, तर जास्त उपयोग. सेटिरिझिन १० मिग्रॅ किंवा लेव्होसेटिरिझिन ५ मिग्रॅ रात्री बरं, कारण झोप येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टर हाच डोस चौपटीपर्यंत वाढवू शकतात; आपणहून वाढवू नका. तरीही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन, सहसा दर चार आठवड्यांनी ३०० मिग्रॅ.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर पित्त भडकतं का, तेही बघा. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र परस्पर बंद करू नका.

चोंदलेल्या नाकाला गोळी फारशी पुरत नाही, तिथे स्टेरॉइडचा स्प्रे लागतो. नाक शिंकरा, बाटली हलवा, मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीला डावा हात, डावीला उजवा. म्हणजे नळीचं टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर फवारलं तर नाकातून रक्त येतं. जोरात ओढू नका, औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. बहुतेक जण चौथ्या दिवशीच सोडून देतात. नाक लगेच मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांच्या वर नकोत, नाक आणखीच चोंदतं.

एखादी गांध चोवीस तासांहून जास्त टिकली, दुखली किंवा काळसर डाग ठेवून गेली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास अडला तर थेट हॉस्पिटल गाठा.

सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन कित्येक महिने रोज घेऊन एकदम थांबवलं, तर एक-दोन दिवसांत काही जणांना भयंकर खाज सुटते. आजार उलटला असं वाटतं, पण ती खाज गोळी अचानक सोडल्याचीही असू शकते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.