निस्सान वन टन घरी आणण्याआधी

जबलपूरच्या कारखान्यात बनलेली निस्सानची वन टन, म्हणजे सैन्याची जुनी मालवाहू गाडी, लिलावातून घेतली की गाडी दारात उभी राहते न राहते तोच सगळ्यांना इंजिन चालू करून बघायचं असतं. ते काम शेवटचं. जी गाडी थांबत नाही ती चालू करून काय उपयोग?

पहिलं काम कागदांचं. विक्रीपत्र, पैसे भरल्याची पावती आणि गाडी सोडल्याचा कागद, तिन्ही मूळ प्रती हातात हव्यात. चासीवरचा नंबर तारेच्या ब्रशने हलकेच साफ करून त्यावर कागद धरा, पेन्सिलीने छाप घ्या आणि एकेक आकडा जुळवा. एक आकडा हुकला तर एमएच-19 जळगाव काय नि एमएच-18 धुळे काय, आरटीओत फाईल अडलीच म्हणून समजा. 50 वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. फी 20,000 रुपये, पण मग ती गाडी धंद्याला लावता येत नाही. रंगाचा डबा आणायची घाई नको. सैन्याखेरीज कुणाच्या गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे चालत नाही. सैन्याची बाणाची नंबरप्लेटही काढून भिंतीवर टांगा.

जागा निवडताना कापसाची खोली टाळा, मग ती कितीही मोकळी असो. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. शिवाय कापसामागे उंदीर येतात आणि नव्या वायरिंगवर दात मारतात. अंगण काळ्या मातीचं असेल तर घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, रुततेच, पावसाळ्यात तर हमखास. प्रत्येक घोडीखाली फूटभर चौरस, 10 मिमी जाडीची लोखंडी प्लेट किंवा रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा तुकडा हवा. घोड्या चार, प्रत्येकी किमान 5 टनी. नुसत्या जॅकवर गाडी धरून खाली शिरायचं नाही.

टायर काढण्याआधी रिम नीट बघा. दोन तुकड्यांची, बोल्टांनी जोडलेली असेल तर व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा. आत हवा असताना ते बोल्ट ढिले केले तर रिमचा अर्धा भाग उडून येतो. पंक्चरवाल्याला हे सांगून ठेवा, त्याला नेहमीचीच रिम वाटते.

ब्रेकला वेळ द्या. मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडा. आत बोट फिरवून खड्डे लागले तर नवं रबर किट घालून भागत नाही, महिन्यात परत गळतं. लेथवाल्याकडून आत स्लीव्ह, म्हणजे धातूची नळी, बसवून घ्या. पाइप आणि होज नवेच. रबर ब्रेक फ्लुइडनेच धुवा. पेट्रोल किंवा इंजिन ऑईल लागलं की ते फुगतं आणि ब्रेक सुटत नाहीत. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने.

टाकी उतरवून सडलेलं पेट्रोल आणि गंज काढा. रिकामी टाकी वेल्डिंगला देऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर होज आणि पंपाचा पडदा मऊ पडतो, तेही बदला.

आता इंजिन. 3956 सीसी, सहा सिलिंडर. प्लग काढून प्रत्येक भोकात 30 मिली पातळ ऑईल सोडा, दोन दिवस थांबा आणि हँडलने हाताने फिरवा. अडलं तर स्टार्टर मारू नका, आणखी ऑईल आणि आणखी दोन दिवस. मोकळं झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑईल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, क्षार धरतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या पाण्याचं तापमान सांभाळणारी झडप, काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका, रेडिएटर साफ करून घ्या. रंगकाम दिवाळी ते होळीच्या दरम्यान उरका.

बॅटरी विकत घेण्याआधी स्टार्टरवरची पट्टी वाचा, 12 व्होल्ट आहे की 24. पहिल्यांदा चालू करताना पेट्रोल बाटलीतून द्या, जवळ अग्निशामक ठेवा आणि नजर ऑईलच्या दाबाच्या काट्यावर. 10 सेकंदांत तो हलला नाही तर लगेच बंद.